वाक्य पुरं होऊ देणाऱ्या कोचरेकरबाई

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मंगलाताईंचा फोन आला. मुलुंडच्या आमच्या रुग्णालयात माझी ओपीडी चालू होती, बाहेर वीसेक माणसं बसली होती आणि समोरच्या आजोबांचा रक्तदाब मी नुकताच मोजला होता. ओपीडीच्या वेळेत मंगलाताई कधी फोन करत नाहीत, त्यामुळे स्क्रीनवर नाव दिसलं आणि कळायचं ते कळलं. "वैदेही, बाई गेल्या गं. मघाशी, साडेनऊला. झोपेतच." एवढं बोलून त्या थांबल्या. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही, मीही ठेवला नाही. घाटकोपरच्या रस्त्यावरचे हॉर्न, शेजारच्या कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, मंगलाताईंचा श्वास... एवढंच कानावर येत राहिलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "असू दे. नको बोलूस. ये सावकाश." समोरचे आजोबा शर्टाची वर केलेली बाही खाली करत म्हणाले, "डॉक्टर, माझं उद्या बघितलंत तरी चालेल."

आज त्याला दीड महिना झाला. डॉ. निर्मला कोचरेकर हे नाव या पुरवणीच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेलं नसणार. त्यांना पुरस्कार मिळाले नाहीत, त्यांनी कुठे भाषणं केली नाहीत, टीव्हीवर त्या कधी दिसल्या नाहीत. घाटकोपर पश्चिमेला, भटवाडीच्या चढावर, एका चाळीच्या तळमजल्यावर त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि तो त्यांनी चाळीस वर्षांहून जास्त चालवला. वस्तीतले लोक त्यांना डॉक्टरबाई म्हणत. मी आणि मंगलाताई नुसतं ‘बाई’ म्हणायचो. मंगलाताई म्हणजे दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसून नंबर लावणाऱ्या, केसपेपर काढणाऱ्या, गोळ्यांच्या पुड्या बांधणाऱ्या. डॉक्टर ही पदवी मला कॉलेजने दिली हे खरं, पण डॉक्टर म्हणून बसायचं कसं, हे मी त्या दोन खोल्यांत शिकले.

एमबीबीएस झाल्यावर पुढच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत मी घरी बसले होते. सकाळचे चार तास बाईंच्या हाताखाली काम करायचं ठरलं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. पहिल्याच दिवशी बाई मला म्हणाल्या, "आज तू काही करू नकोस. नुसती बस." मला जरा अपमानच वाटला. पहिल्या पेशंट होत्या साठीच्या एक काकू. महिन्याभरात दोनदा चक्कर येऊन पडल्या होत्या. एका मोठ्या रुग्णालयात डोक्याचा स्कॅन झाला होता, मानेचे एक्स-रे झाले होते, फाईल जाडजूड झाली होती. बाईंनी फाईल घेतली आणि न उघडताच बाजूला ठेवली. पेनही खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सांगा." काकू पडल्या तो दिवस सांगू लागल्या. मध्येच सुनेबद्दल बोलल्या, नळाला पाणी येण्याच्या वेळा बदलल्याबद्दल बोलल्या, नवऱ्याला गरम पोळी लागते त्याबद्दल बोलल्या. मी मनात म्हटलं, आता बाई यांना मुद्द्यावर आणतील. बाई हलल्याही नाहीत. काकू थांबल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मधुमेहाची गोळी सकाळी किती वाजता घेता?" काकू म्हणाल्या, "आठला. सकाळी जेवणाआधी घ्या म्हणून सांगितलंय ना." "आणि जेवता कधी?" काकू हसल्या. म्हणाल्या, "सगळ्यांचं झालं, पाणी भरून झालं, की मग... तीन वाजतात कधीकधी." नाश्ता त्या करतच नव्हत्या. साखर उतरवणारी गोळी आठला आणि पोटात पहिला घास तीनला. तीन डॉक्टरांनी ती फाईल तपासली होती. ही बाई जेवते कधी, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर बाईंनी जे केलं तेही मी पहिल्यांदाच पाहत होते. गोळी कशी घ्यायची ते त्यांनी सांगितलं आणि म्हणाल्या, "आता घरी गेल्यावर सुनेला काय सांगणार, ते मला सांगून दाखवा." काकूंनी सांगितलं ते अर्धं उलटं होतं. बाई म्हणाल्या, "चुकलं माझं. मी नीट सांगितलं नाही. पुन्हा सांगते." तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा चूक बाईंचीच होती. शेवटी काकूंनी बरोबर सांगून दाखवलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तोंडी परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद होता. त्या बाहेर गेल्यावर मी घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं होतं अर्धा तास गेला. चौदा मिनिटं झाली होती.

दोन महिन्यांनी बाई मला एकटीला पेशंट पाहू देऊ लागल्या. आतल्या खोलीत मध्ये पडदा होता, एका बाजूला त्या आणि दुसऱ्या बाजूला मी. मी वेगाने काम करायचे आणि त्याचा मला अभिमान होता. एका सकाळी घाडीकाका आले. गिरणी बंद पडल्यापासून ते वॉचमनची नोकरी करत होते, तेव्हा अंधेरीच्या एका ऑफिसच्या गेटवर होते. तक्रार होती दाढदुखीची, डाव्या बाजूच्या खालच्या दाढेची. दाताच्या डॉक्टरांनी त्याच बाजूची एक दाढ आधीच काढली होती, तरी दुखणं राहिलं होतं. मी टॉर्च लावून पाहिलं, सूज नव्हती, पू नव्हता. घाडीकाका एक-एक शब्द जुळवत बोलणारे, त्यात मालवणी. "डॉक्टर, ह्या दाढेचा कसा हा सांगू... जिनो चडूक लागलंय की..." मी तोवर लिहायला लागले होते. पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि दाताच्या डॉक्टरांना चिठ्ठी. "काका, दाताच्या डॉक्टरांना एकदा परत दाखवा. तेच सांगतील." ते म्हणाले, "बरा." चिठ्ठी घेतली आणि गेले. सगळं मिळून तीन मिनिटंही लागली नसतील.

मिनिटभरात मंगलाताई आत आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, सरळ पडद्यापलीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "बाई, घाडीकाकांचं बोलून झालेलं नाही."

हे वाक्य मी नंतर अनेकांच्या बाबतीत ऐकलं, पण त्या दिवशी मला ते फार झोंबलं. बाई समोरच्या पेशंटला "दोन मिनिटं हं" म्हणाल्या आणि घाडीकाकांना परत आत बोलावलं. ते बाहेर चपला घालताना थांबून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते म्हणे, मंगलाताईंनी ते पाहिलं होतं. बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, स्वतःची खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाल्या, "सांगा." काका म्हणाले, "नाय, काय नाय, ह्या डॉक्टरांनी गोळये दिल्यानी." बाई काही बोलल्या नाहीत. बाईंचं गप्प राहणं मला नीट सांगता येणार नाही. त्यात अवघडलेपण नसायचं, घाई नसायची. समोरच्याला हळूहळू वाटायला लागायचं की आपल्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. आणि घाडीकाका बोलू लागले. मेट्रो स्टेशनचा जिना चढताना दुसऱ्या वळणावर दाढ धरते. मग ते कठड्याला टेकून मोबाईल बघत असल्याचं नाटक करतात, कारण लोक काय म्हणतील... थोडं उभं राहिलं की दाढ सोडते. परत चढलं की परत धरते. "मगे?" बाईंनी विचारलं. त्याही वेंगुर्ल्याकडच्या, मालवणी माणूस समोर आला की त्यांच्या तोंडून हे ‘मगे’ आपोआप यायचं. "मगे कामावर खुर्चेर बसलंय की कायच नाय." "आणि खाताना? चावताना दुकता?" "नाय ओ. रात्री चणे मस्त खातंय त्याच बाजून."

चणे चावताना न दुखणारी दाढ जिना चढताना दुखते. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. हृदयाला रक्त कमी पडलं की कळ कधी छातीत न येता जबड्यात येते... सहा महिन्यांपूर्वी त्या प्रश्नाचे मला पूर्ण गुण मिळाले होते. आणि उत्तर समोर बसून चार शब्द बोलू पाहत होतं तेव्हा मी चिठ्ठी लिहीत होते.

दवाखान्यात ईसीजीचं जुनं मशीन होतं. पट्टी काढली, ती व्यवस्थित निघाली. मला हायसं वाटलं आणि मी तसं बोललेही. बाई पट्टीकडे बघत म्हणाल्या, "पट्टी चांगली आहे गं. पण त्यांनी जे सांगितलं ते चांगलं नाही. मी त्यांच्या सांगण्यावर जाणार." त्यांनी फोन केला, रिक्षा बोलावली आणि घाडीकाकांना मंगलाताईंबरोबर तडक रुग्णालयात पाठवलं. पाठवण्याआधी त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "काका, दाढ चांगली आहे. दुखतंय ते काळीज. घाबरायचं नाही, पण चालायचंसुद्धा नाही. रिक्षातून उतरल्यावर चाकाच्या खुर्चीत बसायचं. लाजायचं नाही." काकांनी विचारलं, "मगे ती दाढ फुकट काडली?" बाई म्हणाल्या, "होय. तिचा काय दोष नव्हता." काका हसले आणि हसतच रिक्षात बसले. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या डाव्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. तिथल्या डॉक्टरांनी बाईंना फोन करून सांगितलं की हा माणूस मेट्रोच्या जिन्यावरच गेला असता, कुठल्याही दिवशी. त्याच आठवड्यात बायपास झाली.

बाई मला रागावल्या नाहीत. त्या दुपारी एवढंच म्हणाल्या, "वैदेही, ते काका तुला काय सांगत होते? त्यांचं वाक्य पूर्ण सांग बघू मला." मी तोंड उघडलं आणि मला कळलं की ते वाक्य माझ्याकडे नाही. मी ते अर्ध्यात तोडलं होतं. बाईंनी मान हलवली आणि कपाटाला कुलूप लावायला लागल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मंगलाताईंना म्हटलं की मी उद्यापासून येणार नाही. माझी लायकी नाही. दुपारची वेळ होती, शटर अर्धं खाली होतं, बाई घरी जेवायला गेल्या होत्या. मंगलाताईंनी चहा गाळला, एक कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "बस. तुला एक सांगते. बाईंनी स्वतः कधी सांगितलं नसणार." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी आज पहिल्यांदा लिहीत आहे. लिहू का, असं मी त्यांना विचारलं. "लिही," म्हणाल्या, "नाव लिहिलंस तरी चालेल. तिचं नाव होतं सायली."

सायली ही मंगलाताईंची पहिली मुलगी. मी जन्मले त्याच्याही आधीची गोष्ट. मंगलाताई एकवीस वर्षांच्या होत्या, मुलगी आठ महिन्यांची. बाईंनी दवाखाना नुकताच सुरू केला होता. तापाची साथ होती आणि दवाखान्याबाहेर रस्त्यापर्यंत रांग होती. मंगलाताई मुलीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, हिचं रडणं आज वेगळं आहे." बाईंनी मुलीला तपासलं, ताप होता, हिरडी सुजलेली होती. "दात येतायत," म्हणाल्या आणि तापाचं औषध दिलं. मंगलाताईंनी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला, "नाही पण, ही अशी रडत नाही हो..." बाई म्हणाल्या, "पहिलं मूल आहे ना, तुम्हाला तसं वाटतं." आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मुलीला आकडी आली. मेंदूचा ताप होता. रुग्णालयात चौथ्या दिवशी ती गेली. वेगळं रडणं हेच त्या आजाराचं पहिलं लक्षण असतं, आणि ते आईने बरोबर ओळखलं होतं.

"दिवसपाणी झाल्यावर त्या आमच्या घरी आल्या," मंगलाताई सांगत होत्या. "दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुम्ही मला बरोबर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे, तुमची नाही. हे सांगायला आले... मी दार लावून घेतलं गं तोंडावर."

"मग?"

"मग पुढच्या आठवड्यात परत आल्या. मी परत दार लावलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मिस्टर कामावर होते, सासूबाई गावी. मी म्हटलं, या आत. बसल्या खाली फरशीवर. मी बोलायला लागले. किती वाजता जन्मली, कशी हसायची, कोणतं गाणं लावलं की गप्प व्हायची... त्या दिवसापर्यंत मला कुणी बोलूच दिलं नव्हतं. जो तो म्हणायचा, विसर, दुसरं होईल. या बाईने दुपारी एकपासून चारपर्यंत एक शब्द काढला नाही. उठताना एवढंच म्हणाल्या, तिचं सगळं माझ्या लक्षात राहील. आणि राहिलं. मी विसरते काही काही, त्या नाही विसरल्या."

पुढे मंगलाताईंना मुलगा झाला. त्याचा प्रत्येक ताप, प्रत्येक खोकला त्यांनी याच दवाखान्यात दाखवला. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. "पण मला माहीत होतं ना," त्या मला म्हणाल्या, "की सगळ्या घाटकोपरात माझं पूर्ण ऐकणारी डॉक्टर आता हीच असणार." मुलगा शाळेत जायला लागल्यावर बाईंनीच त्यांना विचारलं, दवाखान्यात काम कराल का. नंबर लावणं, पुड्या बांधणं हे वरवरचं काम. खरं काम बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "तुम्ही बाहेर बसा आणि ऐका. आत येऊन गेलेला माणूस माझ्याकडे न बोललेलं काही बाहेर बोलत असेल, तर मला येऊन सांगा. मी कितीही कामात असले तरी सांगा. मी रागावले तरी सांगा."

चहा केव्हाच गार झाला होता. जिने आपलं मूल गमावलं ती बाई, आणि जिच्या हातून ते झालं ती बाई, या दोघी रोज एका दाराच्या आत-बाहेर बसून येणाऱ्या प्रत्येकाचं वाक्य पुरं होतंय की नाही यावर वीस वर्षांहून जास्त पहारा देत होत्या. मी त्या दारातून दोन महिने ये-जा करत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. क्षमा मागणं मी पाहिलं होतं, क्षमा करणंही पाहिलं होतं. त्याचं असं रोजचं काम झालेलं मात्र मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही... दुसऱ्या दिवशी मी वेळेच्या आधी दवाखान्यात हजर होते.

पुढे मला पीजीला प्रवेश मिळाला, शिक्षण झालं, मुलुंडला नोकरी लागली. तरी पंधरा दिवसांतून एकदा मी भटवाडीला जायचेच. माझं लग्न मोडायच्या बेताला आलं होतं तेव्हा सगळ्यांनी सल्ले दिले. बाईंनी एका रविवारी मला समोर बसवून "सांग" म्हटलं आणि दोन तास ऐकून घेतलं. सल्ला दिला नाही. माझं मलाच माझं बोलणं ऐकू आलं आणि काय करायचं ते कळलं.

गेल्या वर्षी बाईंचं वजन उतरू लागलं. मी त्यांना आमच्याच रुग्णालयात आणलं. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, पसरलेला. आमचे कर्करोगतज्ज्ञ हुशार आणि भले गृहस्थ आहेत, पण फार घाईत असतात. अहवाल हातात घेऊन ते बाईंच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि माझ्याशी बोलायला लागले, डॉक्टरी भाषेत, हळू आवाजात. बाईंनी त्यांना हाक मारली. "डॉक्टर, जरा बसता का? मान वर करून ऐकायला त्रास होतो मला." ते बसले. "वैदेहीला नंतर सांगा. आजारी मी आहे, आधी मला सांगा. आणि मी डॉक्टर आहे हे विसरा. घाटकोपरहून आलेली एक म्हातारी आहे असं समजून सांगा." ते जरा गोंधळले. मग त्यांनी सांगितलं, साध्या मराठीत, अडखळत. औषधाने किती फरक पडेल, त्रास किती होईल, हातात साधारण किती महिने आहेत. बाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "आता मी परत सांगते, चुकलं तर सांगा." आणि स्वतःच्या मरणाची हकिकत त्यांनी शांतपणे, चार वाक्यांत सांगून दाखवली. ते म्हणाले, "बरोबर आहे, मॅडम." बाई म्हणाल्या, "चांगलं सांगितलंत. लपवलं नाहीत." ते उठायला लागले तेव्हा बाईंनी विचारलं, "असं दिवसात किती जणांना सांगावं लागतं?" "चार-पाच." "आणि मग तुम्ही कुणाशी बोलता?"

ते उभे होते ते परत बसले. मी त्यांच्याबरोबर सात वर्षं काम करते आहे. त्यांचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. नंतर बाई रुग्णालयात होत्या तितके दिवस ते रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी त्यांच्या खोलीत येऊन दहा मिनिटं बसत. दार लोटलेलं असायचं. काय बोलत, ते मला माहीत नाही. मरणाच्या वाटेवरची एक बाई आपल्या डॉक्टरचं ऐकून घेत होती. बाईंनी पुढचे उपचार नको म्हटलं आणि त्या पंतनगरच्या आपल्या घरी गेल्या. मंगलाताई तिथे राहायला गेल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या.

बाईंनंतर तिसऱ्या रविवारी चाळीच्या सभागृहात शोकसभा झाली. माणसं मावेनात. फोटोखाली लावायला जन्मगाव आणि जन्मतारीख हवी होती, ती कुणाला सांगता येईना. मग एकेक जण बोलायला उठला आणि मला एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. बाईंबद्दल कुणीच बोलत नव्हतं. घाडीकाका उठले, आता सत्तरीचे झालेत, त्यांनी आपल्या दाढेची गोष्ट मेट्रोच्या जिन्यासकट सांगितली. एका बाईने मुलीचं बाळंतपण सांगितलं. एकाने दारू सुटली तो दिवस सांगितला. एक म्हातारे गृहस्थ माईकसमोर उभे राहून बायकोच्या आजारपणाबद्दल पंधरा मिनिटं बोलले आणि कुणीही त्यांना थांबवलं नाही. सभा तीन तास चालली. प्रत्येकाने आपापलं सांगितलं, बाईंसमोर सांगावं तसं. सगळ्या वस्तीचं सगळं बाईंना माहीत होतं आणि बाईंचं कुणालाच काही माहीत नव्हतं. त्यांनी लग्न का केलं नाही, त्यांना काय खायला आवडायचं, कशाची भीती वाटायची... मी मनातल्या मनात आठवून पाहिलं. बारा वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, बाई, तुम्ही कशा आहात. ऐकायचं कसं हे त्यांच्याकडून शिकले असं मी सगळ्यांना सांगत फिरले, आणि त्यांचं एकदाही ऐकलं नाही.

सभा संपल्यावर मंगलाताईंनी मला दवाखान्यात नेलं. कपाटातली औषधं काढून टाकायची होती, केसपेपर बांधून ठेवायचे होते. काम करता करता माझ्या मनात होतं ते मी बोलून टाकलं. मंगलाताई हात पुसत बाहेरच्या खोलीत गेल्या आणि भिंतीकडच्या लाकडी बाकावर बसल्या. "तसं नाही गं," त्या म्हणाल्या. "ती बोलायची. रोज दवाखाना बंद करायच्या आधी इथे येऊन बसायची माझ्याजवळ, दहा-पंधरा मिनिटं. मन मोकळं करायची. इतकी वर्षं, एक दिवस चुकला नाही." बाईंसाठी ‘ती’ हा शब्द मंगलाताईंच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

"काय बोलायची?" मी विचारलं.

मंगलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत नकार होता, पण दुखावणारा नव्हता. "ते मी कुणाला सांगायची नाही," त्या म्हणाल्या. "तिने विश्वासाने सांगितलंय."

मी मान हलवली. बाहेर दुपारचं ऊन चढावर पसरलं होतं, चाळीतली पोरं कुठेतरी क्रिकेट खेळत होती. मंगलाताई बाकावर थोड्या सरकल्या, शेजारची जागा त्यांनी पदराने पुसली.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "महिनाभर बघतेय, तुझा चेहरा ठीक नाही. सांग."

मी बसले. त्या थांबल्या होत्या, त्यांना कुठेही जायचं नव्हतं... मग मी बोलायला लागले.